शिथिल

इंजिनियर शाळेत आले. त्यांनी वर्गाची भिंत पाहिली, काठीनं वासे ठोकून पाहिले आणि जाताना एक शब्द बोलून गेले. संध्याकाळी बायको घरी आली आणि तिनं तो शब्द मला सांगितला. दुसऱ्या दिवशी तिनं मुलांना व्हरांड्यातून उठवलं आणि त्या वर्गात नेऊन बसवलं.

शब्द होता 'शिथिल'.

आधी शाळेबद्दल सांगायला हवं. हुबळीत दुर्गदबैलच्या बाजारातून पायी पोहोचता येईल अशा एका गल्लीत चर्चची मराठी प्राथमिक शाळा होती, पहिली ते चौथी. मंगळुरी कौलांची लांबट इमारत, पुढं व्हरांडा, समोर कडुलिंब आणि कडुलिंबापलीकडं चर्च. मुलं बहुतेक बाजारातल्या माणसांची : हातगाडी ओढणाऱ्यांची, कापडाचे गठ्ठे उचलणाऱ्यांची, धान्याच्या दुकानात तराजूपाशी उभं राहणाऱ्यांची. यांचे आजोबा-पणजोबा कधीतरी निपाणी-मिरजेकडून इकडं आले आणि इथलेच झाले. ख्रिस्ती मुलं त्यांत थोडीच. माझी बायको मिरजेकडची, डी.एड. मराठीतून केलेली. लग्न होऊन हुबळीला आली आणि त्याच शाळेत लागली. पुढं तिथंच मुख्याध्यापिका झाली. मी धारवाडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, निवृत्त होईपर्यंत मराठी आणि संस्कृतच्या कपाटांकडं. कन्नड आम्ही दोघंही बोलायचो, पण ते बाजारातलं, भाजीवाल्याशी आणि रिक्षावाल्याशी बोलायचं. कन्नड वाचताना मला आजही अक्षराला अक्षर जोडावं लागतं.

बायकोचा उल्लेख मी आयुष्यभर 'ही' असाच केला. 'ही म्हणाली', 'ही अजून आली नाही'. जवळ असलेल्या माणसासाठीचं ते सर्वनाम आहे. आता ते बदलायला हवं असं व्याकरण सांगतं. मी बदलत नाही.

शाळा अनुदानित होती. याचा अर्थ बाहेरच्यांना नीट ठाऊक नसतो. सरकार शिक्षकांचा पगार देतं, भिंतींचा देत नाही. कौल फुटलं, वासा वाकला, तर ते चर्चनं बघायचं. आणि चर्चच्या दानपेटीत जे पडायचं ते चर्चच्याच छपराला पुरत नसे. दर उन्हाळ्यात फादर एका सुताराला वर चढवायचे, तो चार कौलं बदलून खाली उतरायचा, आणि सगळ्यांना वाटायचं, झालं, आता एक वर्ष निघेल. अशी कितीतरी वर्षं निघाली, कारण कोणी विचारत नव्हतं.

मग विचारायला लागले. मान्यतेचं नूतनीकरण करायचं तर इमारत सुरक्षित असल्याचा दाखला हवा, आगीची व्यवस्था हवी, दारं एवढी रुंद हवीत, पायऱ्यांना उतार हवा, वर्गात प्रत्येक मुलाला एवढी जागा हवी. दाखला नाही तर मान्यता नाही. मान्यता नाही तर अनुदान नाही. अनुदान नाही तर शाळा नाही. ती तिन्ही वाक्यं ही पाढ्यासारखी म्हणायची, भाजी निवडताना, कपडे घड्या घालताना.

जमेल तेवढं हिनं केलं. पायऱ्यांपाशी सिमेंटचा उतार घालून घेतला. आग विझवायचं लाल नळकांडं आणून व्हरांड्यात टांगलं. मुलांना ते फार आवडलं. खंडेनवमीला बाजारातल्या प्रत्येक दुकानात तराजूची, कात्रीची, हातगाडीची पूजा होते. ते बघून मोठी झालेली मुलं. दसऱ्याची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा नळकांड्याला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचा हार. हिला वाटलं, आता फादर काय म्हणतील. फादर कारवारकडचे, कोकणी वळणाचं मराठी बोलायचे. त्यांनी हार नीट केला आणि म्हणाले, "बाई, आता आग यायला पण घाबरेल."

पण भीती आगीची नव्हती. भीती मागच्या वर्गाची होती.

हुबळीची जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वर जे काही बांधलेलं असेल ते तिच्याबरोबर हलतं. पहिली-दुसरीच्या वर्गाच्या मागच्या भिंतीत छतापासून खिडकीपर्यंत एक भेग होती. एप्रिलमध्ये तिच्यात बोट जायचं. श्रावणात ती मिटायची, केसाएवढी व्हायची, आणि नव्यानं पाहणाऱ्याला वाटावं की चुन्यावर ओढलेली रेघ आहे. म्हणून तिची जास्त भीती वाटायची. उघडी असली की निदान दिसायची.

त्या जूनमध्ये वर्गात माती पडायला लागली. थोडीच, पाटीवर पसरेल एवढी. एक मुलगी हिला म्हणाली, "बाई, वर उंदीर चुना खातायत." सगळी मुलं हसली. ही पण हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून पहिली-दुसरी व्हरांड्यात बसायला लागली. घरी आल्यावर मात्र ही हसत नसे. आमच्या गल्लीत लोखंडाची दुकानं आहेत. ट्रकमधून सळया उतरवताना मोठा आवाज होतो. इतकी वर्षं आम्हाला तो ऐकूही येत नव्हता. आता आवाज झाला की हिचा घास हातातच राहायचा. मी म्हणायचो, "सळया आहेत." ही म्हणायची, "माहीत आहे." आणि तरी थोडा वेळ जेवण थांबायचं.

आमच्याकडं बेळगावहून निघणारं मराठी वर्तमानपत्र येतं. त्यात त्या दिवसांत अधूनमधून बातमी यायची की जुन्या शाळांसाठी सरकार अटी शिथिल करणार, शिथिल करण्याचा विचार आहे, संस्थाचालकांची अटी शिथिल करण्याची मागणी. ही चहा घेता घेता आधी ती बातमी शोधायची. यायचं नक्की, पण कधी ते ठाऊक नाही अशा पाहुण्याची वाट बघावी तशी आम्ही त्या शब्दाची वाट बघत होतो.

त्यामुळं दाखल्यासाठी सरकारी इंजिनियर येऊन गेले त्या संध्याकाळी ही पायऱ्या चढतानाच बोलायला लागली.

"अहो, झालं."

"काय झालं?"

"सगळं बघितलं त्यांनी. भिंत बघितली, वासे बघितले. बोलत काही नव्हते. शेवटी मीच विचारलं, सर, आमचं कसं? तर म्हणाले, 'शिथिलवागिदे. बरेदु कोडतीनी.'"

"शिथिल झालंय, लिहून देतो?"

"तेच की. लिहून देतो म्हणाले!" हिनं पिशवी खाली ठेवली. "सरकारलासुद्धा कधीकधी मराठी येतं बघा."

त्या दिवशी हिनं शिरा केला. खाली सळया उतरत होत्या आणि आम्ही दोघं शिरा खात होतो.

इंजिनियर म्हैसूरकडचे होते. त्यांचं कन्नड पुस्तकातलं, स्वच्छ. धारवाडकडचा कोणी असता तर म्हणाला असता, "बीळंगैतिरी अक्कोर," म्हणजे पडायला आलंय हो बाई. आणि मग काही प्रश्नच उरला नसता. पण त्यांनी सभ्य माणसाचा सभ्य शब्द वापरला, आणि तो शब्द आमच्या भाषेतही होता. ओळखीचा चेहरा दिसला की आपण नाव विचारत नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिरका पाऊस लागला. व्हरांडा भिजायला लागला, मुलांची दप्तरं ओली व्हायला लागली. इंजिनियरांनी भिंत बघूनच लिहून देतो म्हटलंय, मग धोका नसणार, असं धरून हिनं पहिली-दुसरीला परत आत बसवलं.

त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर चाललो होतो. दुर्गदबैलमध्ये एक जुनी दुमजली इमारत आहे. खाली दुकानं होती, ती बंद झालेली. तिच्यावर महापालिकेनं पत्र्याचा फलक ठोकला होता, लाल अक्षरांत. फलक दिसला की वाचायचा ही माझी सवय आहे. पुढं हातगाड्यांची कोंडी झाली होती, थांबावंच लागलं. मी अक्षराला अक्षर जोडत वाचत होतो. शि. थि. ल. कट्टड. कट्टड म्हणजे इमारत. मला आधी गंमत वाटली. नियम शिथिल होतात, अट शिथिल होते, इमारत कशी शिथिल होणार? मग खालची ओळ वाचली. अपाय. प्रवेशविल्ल. धोका, आत जाऊ नये.

गिरणी समोरच होती. मी डबा ठेवला आणि गिरणीवाल्याला विचारलं, "अण्णा, शिथिल अंदर एन्री?" शिथिल म्हणजे काय हो.

तो पट्टा लावत होता. मान वर न करता म्हणाला, "बीळाक बंदैति अंत, काका." पडायला आलंय असं. मग फलकाकडं बोट करून मराठीत म्हणाला, "ते बघा की. आज पडंल, उद्या पडंल, त्याला तरी कुठं माहीत." माझ्या तोंडाकडं पाहून त्यानं विचारलं, "का हो काका, तुम्ही घेतलं काय ते?"

मी फोन लावला. हिचा फोन शाळेत असताना कपाटात असायचा, आवाज बंद करून. तो वाजत राहिला. मी परत लावला आणि चालायला लागलो, आणि मग, मला ज्या वयात पळता येत नाही त्या वयात, पळायला लागलो. एका हातगाडीवरच्या गठ्ठ्यांना माझा खांदा लागला. गाडीवाला ओरडला, "ओ अप्पा, कण्ण इल्लेन?" डोळे नाहीत काय. मी थांबलो नाही. पाऊस बारीक पडत होता. मी कान देत होतो. गाड्यांचे भोंगे, रिक्षा, कोणी तरी पत्रा कापत होता. प्रत्येक आवाज मी आधी ऐकत होतो आणि मग, तो कशाचा आहे हे कळल्यावर, सोडून देत होतो.

ती शाळा गल्लीच्या तोंडाशीच ऐकू यायची. पाढे, कविता, भांडणं, काही ना काही. इतक्या वर्षांत ती शाळा मला आधी ऐकू आली नाही असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी मी गल्लीच्या तोंडाशी पोहोचलो आणि काहीच ऐकू आलं नाही.

त्या गल्लीतून मी कसा चाललो ते मला आठवत नाही. आठवतं ते दार. आत पहिली-दुसरीची सगळी मुलं जमिनीवर रांगेत बसली होती. समोर ताटं, ताटांत भात, सांबार. डोळे मिटलेले, हात जोडलेले. जेवणाआधीची प्रार्थना चालली होती, मनातल्या मनात म्हणायची. मागच्या भिंतीपाशी, भेगेच्या बरोबर खाली ही उभी होती. हिचेही डोळे मिटलेले.

मला ओरडता आलं नाही. मी ओरडलो तर त्या आवाजानं ते खाली येईल असं मला वाटलं. हे खुळचट आहे, मला तेव्हाही माहीत होतं. मी चौकट धरून उभा राहिलो. वरून कौलांच्या फटीतून पाण्याचा एक थेंब एका मुलाच्या ताटाशेजारी पडत होता, आणि तो मुलगा डोळे मिटूनच ताट हळूहळू बाजूला सरकवत होता. मी छताकडं पाहिलं नाही. मी त्या ताटाकडं बघत राहिलो.

"आमेन," सगळे एकदम म्हणाले, आणि हिनं डोळे उघडले. मी दारात, भिजलेला. हिला वाटलं घरी कोणाचं तरी काही झालं. ही जवळ आली.

मी हळू म्हणालो, "शिथिल म्हणजे पडायला आलेलं. कन्नडमध्ये."

हिनं माझ्याकडं पाहिलं. मग वर पाहिलं. वळली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "चला, आज आपण चर्चमध्ये जेवायचं. आपापलं ताट घ्यायचं. रांग. पळायचं नाही."

"बाई, पाऊस आहे."

"असू दे. भातात पाणी पडलं तर पेज होईल."

"बाई, चर्चमध्ये सांडलं तर?"

"सांडू दे. देव काय पुसायचा नाही, मी पुसेन. चला."

मला म्हणाली, "तुम्ही आधी बाहेर व्हा." मुलं एकेक करून ताटं सांभाळत बाहेर पडली. त्यांना फार वेळ लागला. शेवटचा मुलगा सांबार सांडू नये म्हणून पाऊल मोजत चालला होता आणि ही त्याच्या मागं, त्याला घाई न करता. तो झाडाखाली पोहोचला तेव्हा ही मटकन उतारावर बसली, स्वतःच घालून घेतलेल्या.

त्या दिवशी काहीच पडलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावरून आलं.

इंजिनियरांचा लेखी अहवाल आला. त्यात सगळ्या इमारतीसाठी तोच शब्द होता, आणि आता आम्ही तो नीट वाचला. मुलं काही दिवस चर्चमध्ये बसली. मग तालुक्याच्या ऑफिसातून माणूस आला आणि म्हणाला, प्रार्थनेची जागा ही वर्गखोली धरता येत नाही. त्याचंही खरं होतं. बाकांच्या मधून पहिलीची मुलं दिसायचीसुद्धा नाहीत.

एका संध्याकाळी फादर आमच्या घरी आले. चहा झाला.

"बाई, एक खाजगी इंजिनियर आहे," ते म्हणाले. "फोटो पाठवले की दाखला देतो. बऱ्याच शाळा आणतात. एवढं वर्ष निघालं तर पुढं काहीतरी होईल. अटी शिथिल होतील म्हणतात. खरंच, मराठीतल्या."

ही हसली नाही.

"वर तुमची सही लागेल," फादर म्हणाले. "मुख्याध्यापक म्हणून. इमारत वापरायोग्य आहे."

"फादर, रविवारची मिसा तुम्ही त्या खोलीत कराल? सगळ्यांना भिंतीपाशी बसवून?"

फादरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बाई, मला पण भीती वाटते. पण दुसरी भीती पण वाटते. ही मुलं जाणार कुठं? मराठी शाळा इथं जवळ आहे कुठं? रस्त्यापलीकडच्या कन्नड शाळेत जायचं तर तो रस्ता बघितलाय तुम्ही. आणि तुमची रिटायरमेंट तोंडावर, तुमचं काय?"

"माझं राहू दे."

"मुलांचं?"

सही करणार नाही, एवढंच हिनं सांगितलं. दारापर्यंत पोहोचवायला गेली तेव्हा फादर म्हणाले, "तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, मला माहीत नाही." मला ते खरं वाटलं.

फादरांनी शेवटचा प्रयत्न म्हणून पुन्हा तपासणीचा अर्ज दिला. दसऱ्यानंतर तेच म्हैसूरकडचे इंजिनियर परत आले. या वेळी हिनं मला बरोबर घेतलं, शब्द ऐकायला. इंजिनियर मवाळ माणूस होते. त्यांनी पिशवीतून काचेची एक अरुंद पट्टी काढली आणि भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं भिंतीला चिकटवली. भिंत हलत असेल तर काच तुटेल, ते म्हणाले. काच ताणत नाही, वाकत नाही, तिला फक्त तुटणं येतं. एक उन्हाळा जाऊ दे. उन्हाळ्यानंतरही काच शाबूत असली तर भिंत थांबली असं धरू, दुरुस्तीचा आराखडा घेऊ, मान्यतेचा विचार करता येईल. तुटली तर मात्र पाडायची.

मी प्रत्येक शब्दाचा अर्थ दोनदा विचारून घेतला. त्यांना त्याचं कारण कळलं नाही, आणि आम्ही सांगितलं नाही.

मुलं गेली. बरीचशी रस्त्यापलीकडच्या कन्नड शाळेत, काही लांबच्या मराठी शाळेत, आणि दोघं-तिघं कुठंच गेली नाहीत. त्यांतली एक उंदरांचं सांगणारी मुलगी. तिची आई बाजारात भाजी निवडायला बसते, तिच्याशेजारी ती बसायला लागली. हिनं दोनदा जाऊन समजावलं. आई म्हणाली, "बाई, त्या रस्त्यावर बशी कशा येतात. तुमच्या शाळेत भीती नव्हती." ही परत आली आणि बराच वेळ पाय न धुता तशीच ओट्यावर बसून राहिली. छताची भीती गेली होती. आता सकाळी शाळा भरायच्या वेळेला ही त्या रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहायची आणि मुलं पलीकडं पोहोचली की घरी यायची.

येताना काच बघून यायची. मी विचारायचो, "काच?" ही म्हणायची, "आहे."

तो 'आहे' कसा म्हणावा हे हिला कधी कळलं नाही. काच शाबूत राहिली तर शाळा परत सुरू होण्याची आशा होती. पण मग भिंत धडच होती, आणि उगीचच आपण मुलांना त्या रस्त्यावर काढलं, असंही होतं. काच तुटली तर आपण केलं ते बरोबर होतं, पण शाळा संपली. दोन्हीकडून भीतीच होती. एकदा ही म्हणाली, "अहो, मी त्या भिंतीचं वाईट चिंतते की काय असं मला वाटतं." मी म्हणालो, भिंतीला काय कळतंय. "मला कळतंय की," ही म्हणाली.

संक्रांतीनंतर हिला चालताना धाप लागायला लागली. दवाखान्यात नेलं. हृदयाचं आहे म्हणाले, थोडं उशिरा आलात म्हणाले. हिला तिथं ठेवलं होतं त्या दिवसांत मी सकाळी शाळेच्या गल्लीतून होऊन मग दवाखान्यात जायचो, कारण ही मला पाहिल्यावर पहिल्यांदा तेच विचारायची. शेवटी शेवटी तोंडावर नळी होती, बोलता येत नव्हतं. ही नुसतं बोट आडवं धरायची, पट्टीसारखं. मी म्हणायचो, "आहे." खोटं नव्हतं. हिच्या चेहऱ्यावरून मला काही कळायचं नाही, बरं वाटलं की वाईट.

ही गेली तेव्हा काच शाबूत होती. दहाव्यापर्यंत, तेराव्यापर्यंत शाबूत होती. फादर भेटायला आले होते. जाताना म्हणाले, "अजून काच आहे." त्यांना दिलासा द्यायचा होता. मला त्या वाक्याची धास्ती बसली. आता जर उन्हाळा तसाच गेला, तर हिनं शाळा उगीच बंद केली असं लोक म्हणतील, आणि उत्तर द्यायला ही नाही. मी काचेकडं जात राहिलो. रोज गल्लीत वळताना मला कशाची भीती वाटतेय, काच असण्याची की नसण्याची, हे मला सांगता आलं नसतं.

एप्रिलमध्ये ऊन वाढलं. जमीन आकसायला लागली. कडुलिंबाच्या बुंध्याभोवती मातीला चिरा पडल्या. एका सकाळी मी खिडकीतून आत पाहिलं तर काचेवर तिरका उजेड पडला होता आणि पट्टीच्या मधोमध एक बारीक रेघ होती. मी आत गेलो. आत जाऊ नये असा फलक आता तिथंही आहे. मी नखानं ती रेघ पाहिली. काच तुटली होती. एक तुकडा वर सरकला होता, एक खाली.

मी तिथं उभा राहिलो. मुलं बसायची ती जागा माझ्या पायाखाली होती. सांगण्यासारखी बातमी होती आणि घरी जाऊन ती कोणाला सांगायची नव्हती. मी मोठ्यानं म्हणालो, "तुटली." मग मला एकदम भीती वाटली आणि मी बाहेर आलो.

फादरांनी ऑफिसला कळवलं. कौलं उतरवली, वासे काढून नेले. भिंती पाडायची परवानगी यायची आहे. कोण पाडणार, कोणाच्या खर्चानं, ते ठरायचं आहे. अनुदान बंद झालं. मान्यता गेली. लाल नळकांडं चर्चच्या दारात टांगलं आहे.

छप्पर गेल्यामुळं आत ऊन येतं, आणि जागा सपाट आहे, म्हणून गल्लीतली मुलं संध्याकाळी तिथं क्रिकेट खेळतात. मागची भिंत त्यांना स्टंपासाठी बरी पडते. मी सांगितलं की निघतात आणि मी वळलो की परत येतात. म्हणून मी वळत नाही. चर्चमधून एक खुर्ची आणतो आणि भेगेपुढं बसतो. मुलं म्हणतात, "काका, बाजूला व्हा की, विकेट दिसंना." मी होत नाही. मग ती झाडापलीकडं जाऊन खेळतात.

भिंत अजून उभी आहे. मी रोज तिथं जातो आणि अंधार पडून मुलं घरी गेली की घरी येतो.